कोणाचा रे तू?

घाटनांदूरला कुठल्याही तक्रारीची सुनावणी एकाच प्रश्नाने सुरू होते : "कोणाचा रे तू?" तक्रार काय, कधीची, कोणाविरुद्ध, हे सगळं मागाहून. आधी बापाचं नाव, मग वाडी-तांडा, मग आजोळ. एवढ्यातच निम्म्या तक्रारी निकाली निघतात, कारण तोवर ज्याच्यावर तक्रार आहे तो तक्रारदाराच्या मावशीचा चुलतदीर निघालेला असतो. मग चहा येतो. चहा आल्यावर तक्रार चालू ठेवणं आमच्याकडे उद्धटपणात मोडतं.

बाकी सोशिकपणा आमच्या भागाच्या अंगात मुरलेला आहे. अंबाजोगाई जिल्हा व्हावा ही मागणी कित्येक दशकं पडून आहे. अंबाजोगाईला रेल्वे यावी ही मागणीही तशीच. तोवर अंबाजोगाईकरांना गाडी धरायला आमच्या घाटनांदूरच्या स्टेशनावर यावं लागतं, आणि तेवढ्यापुरते आम्ही त्यांच्याकडे जरा वरून बघून घेतो. जिथे अख्ख्या तालुक्याचे अर्ज वर्षानुवर्षं पडून राहतात, तिथे बी. ए. द्वितीय वर्षाच्या पोराने "सर, पंधरा दिवस झाले, माझ्या अर्जाचं काय झालं?" असं विचारलं तर ऑफिसातल्या मंडळींना ते पोरकट वाटणारच.

गंमत अशी की नियम पोराच्या बाजूने आहे.

हे मला माहीत असण्याचं कारण एवढंच की मी निवृत्त कारकून आहे. उभा जन्म आवक-जावक नोंदवहीत गेला. त्यामुळे "काकांचं ड्राफ्टिंग चांगलं आहे" अशी बातमी पोरांमध्ये पसरलेली आहे, आणि परीक्षेचे निकाल लागले की आमच्या ओसरीवर पायताणांची गर्दी होते.

पोरं अर्ज लिहून आणतात तो वाचण्यासारखा असतो. शाळेत आपल्याला एकच अर्ज शिकवलेला असतो, आजारी असल्यामुळे रजा मिळण्याबाबतचा. त्यामुळे पुढे माणूस कोणाविरुद्धही तक्रार करायला गेला तरी सूर तापाने फणफणल्याचाच लागतो. एकाने विषयच असा लिहिला होता : "तक्रार नाही, पण सांगणेबाबत." खाली मजकूर : "सविनय सादर की, माझी शिष्यवृत्ती दोन वर्षांपासून आलेली नाही. तरी साहेबांनी राग मानू नये. काही चुकले असल्यास लेकरू समजून माफ करावे. आपला आज्ञाधारक." यात शिष्यवृत्ती कोणती, अर्ज कधी भरला, अर्जाचा क्रमांक काय, नेमकं हवं काय, यातलं अवाक्षर नाही. माफी मात्र तीन ठिकाणी.

दुसरा प्रकार याच्या अगदी उलट. हा लिहायला बसला की थांबत नाही. यात पोरांचा दोष नाही, मातीचा आहे. हा अंबाजोगाई तालुका. इथे दासोपंतांनी सव्वा लाख ओव्यांचा 'गीतार्णव' रचला, कागद कमी पडला म्हणून की काय पासोडीच्या कापडावरही लिहिलं. त्यांच्या वारसांनी वसतिगृहातल्या पाण्याच्या टाकीवर अकरा पानं लिहिली तर नवल काय? अशा पोरांना मी माहिती अधिकाराचा नियम सांगतो. महाराष्ट्रात माहितीचा अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयापुरता करावा लागतो. ते ऐकून त्यांचा चेहरा असा पडतो, जसं काही मी दासोपंतांनाच दीडशे शब्दांत आटपायला सांगितलंय.

तर नियम. विद्यापीठ अनुदान आयोगाने ११ एप्रिल २०२३ रोजी विद्यार्थ्यांच्या तक्रार निवारणाचे विनियम काढले. त्याआधी २०१२ चे होते, मग २०१९ चे. तक्रार निवारणाबद्दलच इतक्या तक्रारी गेल्या असाव्यात की दर थोड्या वर्षांनी नवं लुगडं नेसवावं लागलं. या विनियमांत तक्रार कशाकशाला म्हणायचं याची यादी आहे, आणि ती वाचताना वाटतं की लिहिणारा माणूस आमच्याच भागात नोकरी करून गेलाय. माहितीपुस्तिकेत नसलेले पैसे मागणं, मूळ कागदपत्रं अडकवून ठेवणं, शिष्यवृत्तीला उशीर, परीक्षा आणि निकाल वेळेवर न लागणं, प्रवेश रद्द केल्यावर फी परत न देणं, पेपर तपासण्यात पारदर्शकता नसणं. पोरं ही यादी वाचून हरखतात. "काका, हे तर सगळंच आहे की आपल्याकडं!" जणू सरकारी योजनेत नाव लागलं.

प्रत्येक महाविद्यालयात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते. एक प्राध्यापक अध्यक्ष, चार ज्येष्ठ प्राध्यापक सदस्य. त्यात किमान एक महिला हवी, किमान एक जण अनुसूचित जाती, जमाती किंवा इतर मागासवर्गातला हवा. शिवाय एक विद्यार्थी, तोही अभ्यासात, खेळात किंवा इतर उपक्रमात चमकलेला, 'विशेष निमंत्रित' म्हणून. कोरम तिघांचा, पण त्यात हा विशेष निमंत्रित धरत नाहीत. म्हणजे लग्नातल्या नवरदेवाच्या मित्रासारखं : फेटा बांधायचा, पहिल्या रांगेत बसायचं, देण्याघेण्याचं बोलणं चाललं की बाहेर फोटो काढायला जायचं.

खेड्यातल्या महाविद्यालयात प्राध्यापक मोजके आणि समित्या अमाप. त्यामुळे ग्रंथालय समितीवर जे सर तेच तक्रार निवारण समितीवर. ग्रंथालयाची तक्रार आली की ते तक्रार निवारणाच्या वतीने ग्रंथालय समितीला खुलासा मागतात आणि ग्रंथालय समितीच्या वतीने स्वतःलाच खुलासा देतात. दोन्हीकडची भाषा इतकी सौजन्याची असते की फायलीला लावून जपून ठेवावीशी वाटते.

या समितीने तक्रार मिळाल्यापासून शक्यतो पंधरा कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा आणि त्याची प्रत विद्यार्थ्यालाही द्यायची. निर्णय पटला नाही तर तो मिळाल्यापासून पंधरा दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येतं. लोकपाल म्हटलं की पोरांच्या बापांना रामलीला मैदान आणि अण्णांची टोपी आठवते. हे लोकपाल वेगळे. निवृत्त कुलगुरू, निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश यांच्यातून नेमलेले, आणि त्यांनी तीस दिवसांत निकाल लावायचा. ही कल्पना मूळची स्वीडनची, १८०९ सालची. आपल्या महाराष्ट्राने लोकायुक्ताचा कायदा १९७१ साली केला, आणि लोकायुक्त नेमणारं पहिलं राज्य हे आपलंच. स्टॉकहोमहून मुंबईपर्यंत यायला तिला दीड शतकाहून जास्त लागलं. मुंबईहून घाटनांदूरला ती अजून वाटेत आहे, परळीला गाडी बदलत असावी.

आपल्या आजोबांच्या पिढीला तर असला अर्ज करायचीही सोय नव्हती. १९३८ साली हैदराबाद संस्थानातल्या विद्यार्थ्यांनी वसतिगृहात 'वंदे मातरम्' म्हणू द्या एवढीच मागणी केली, तर निजामाच्या व्यवस्थेने शेकडोंची नावंच काढून टाकली. त्यातल्या कित्येकांना नागपूर विद्यापीठाने पदरात घेतलं. तक्रारीचं निवारण म्हणजे तक्रारदाराचं निवारण, ही रीत आमच्याकडे जुनी आहे.

आता इथलं प्रत्यक्ष बघा. सगळ्यात आधी तक्रारपेटी. आमच्या भागातल्या एका महाविद्यालयात (नाव घेत नाही, प्राचार्य ओळखीचे आहेत) ती जिन्याखाली टांगलेली आहे. लाल रंगाची, वर 'तक्रार व सुचना पेटी' असं लिहिलेलं, त्यातला 'सू' ऱ्हस्व. कुलपाची किल्ली एका शिपाईमामांकडे होती, ते निवृत्त होऊन लेकाकडे पुण्याला गेले. शेवटी एकदा कुलूप फोडलं तेव्हा मी कामानिमित्त तिथेच होतो. आत निघालं ते असं : गुटख्याच्या दोन पुड्या, एसटीच्या पासची झेरॉक्स, पालीची अंडी, कोणाला तरी लिहिलेलं आणि हिंमत न झाल्याने इथे टाकलेलं एक प्रेमपत्र, आणि वहीच्या पानावर एक ओळ : "ही पेटी कधी उघडता?" यातली शेवटची तक्रार तेवढी निकाली निघाली, तीही अर्जदार पास होऊन गेल्यावर.

म्हणून मी पोरांना सांगतो, पेटीच्या नादी लागू नका. अर्जाच्या दोन प्रती करा. एक द्या, दुसरीवर पोच घ्या : शिक्का, तारीख, सही, आवक क्रमांक. आवक क्रमांक नसलेला अर्ज म्हणजे घराच्या अंगणात उभं राहून केलेली बडबड. मी तीस वर्षं नोंदवही लिहिली आहे. एकदा क्रमांक पडला की साहेबालासुद्धा तो कागद चघळून गिळता येत नाही. पंधरा दिवस मोजायचे ते या तारखेपासून.

पण पोच मागणं ही घाटनांदुरात किती अवघड गोष्ट आहे, हे पुण्या-मुंबईच्या वाचकाला सांगून कळायचं नाही. जवळच्या वाडीवरचं एक पोरगं माझ्याकडे आलं होतं. त्याने राज्यशास्त्राचा पेपर दिला, आणि निकालपत्रावर त्या विषयापुढे 'गैरहजर'. हॉलतिकिटावर पर्यवेक्षकाची सही, तारीख, सगळं जागच्या जागी. "काका," म्हणाला, "गैरहजर राहिलो असतो तर काई वाटलं नसतं. पण तीन घंटे बसलो होतो की वो मी! पुरवणीबी घेतली होती." मी झकास अर्ज करून दिला. नाव, वर्ग, आसन क्रमांक, पेपरची तारीख, पुरावा जोडला, मागणी एका ओळीत. आज्ञाधारक काढून 'विनीत' केलं, ते त्याला फारच उर्मट वाटलं.

कॉलेजच्या ऑफिसात बसणाऱ्या भाऊसाहेबांनी अर्ज वाचला न वाचला. "ठेवून जा."

"पोच द्या की भाऊसाहेब."

टेबलावरचा पंखा डावीकडून उजवीकडे गेला, परत आला. भाऊसाहेबांनी चष्मा काढला.

"म्हणजे माझ्यावर विश्वास नाही म्हण की."

इथे पोरगं निम्मं संपलं. उरलेलं निम्मं पुढच्या वाक्याला संपलं.

"कोणाचा रे तू?"

बापाचं नाव कळलं आणि भाऊसाहेबांना अतोनात आनंद झाला, कारण दोघं चौथीपर्यंत एका बाकावर होते. नंबर मोबाइलमध्येच होता. बाप तिकडे कोल्हापूरच्या बाजूला उसाच्या फडात. "अरे, तुझं पोरगं तक्रारी करायलंय इथं!" असं हसत हसत सांगून झालं. संध्याकाळी मोळ्या भरून झाल्यावर बापाचा पोराला फोन : "तुला शिकायला ठिवलंय का वकिली करायला? गुमान शीक." ज्या माणसाला मुकादमाकडे उचलीचा हिशोब मागायची सोय नाही, तो लेकाला दुसरं काय सांगणार? पोच राहिली बाजूला. अर्ज भाऊसाहेबांच्या काचेखाली, नातवाच्या फोटोच्या शेजारी विसावला.

मी म्हटलं, शिक्का देत नाहीत तर पोस्टाने पाठव. रजिस्टर पोस्ट १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टात विलीन झालंय, तर स्पीड पोस्टाने पाठव, त्याची पावती हीच पोच. कॉलेजच्या ई-मेलवरही टाक. महिनाभराने दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहितीचा अर्ज कर : माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर काय कार्यवाही झाली? या एका वाक्याला भली भली ऑफिसं घाबरतात. पोरगं खाली मान घालून म्हणालं, "काका, इंटर्नलचे मार्क सरांच्याच हातात हायेत." यावर आयोगाने अजून विनियम काढलेला नाही.

शिष्यवृत्तीची तक्रार तर आणखी निराळी, कारण तिथे कोणाविरुद्ध तक्रार करायची हेच ठरत नाही. कॉलेज म्हणतं अर्ज समाजकल्याणकडे आहे. समाजकल्याण म्हणतं पैसे खात्यात टाकले. बँक म्हणते आधार जोडलेलं नाही. आधार केंद्र म्हणतं अंगठा उमटत नाही. सुट्टीत आईबापाबरोबर ऊस तोडलेल्या पोराचा अंगठा उमटणार कसा? त्याच्या रेषा फडातच राहिल्या. पोर्टलवर 'अंगठा झिजला' असा पर्याय नाही, त्यामुळे ही तक्रार शेवटी देवाकडे जाते आणि तिथेही पोच मिळत नाही.

आणि स्थलांतर प्रमाणपत्र! बीड जिल्हा छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाखाली, आणि शेजारचा लातूर जिल्हा नांदेडच्या विद्यापीठाखाली. म्हणजे घाटनांदूरच्या पोराला पुढच्या शिक्षणासाठी जवळच्या अहमदपूरला जायचं तर आधी लांबच्या संभाजीनगरहून स्थलांतराचा दाखला आणायचा. दसरा-दिवाळी झाली की या जिल्ह्यातली गावंच्या गावं बैलगाडी-ट्रॅक्टरवर संसार टाकून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, त्यांना कोणी प्रमाणपत्र विचारत नाही. पोरगं एम. ए. करायला शीव ओलांडून जातंय म्हटलं की मात्र सगळी व्यवस्था खडबडून जागी होते.

एक गोष्ट सांगताना मी हसत नाही. पोरींच्या छळाची तक्रार असेल तर ती या चहाच्या टेबलावर यायलाच नको. त्यासाठी २०१३ च्या कायद्याप्रमाणे वेगळी अंतर्गत समिती असते, तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यायची, आणि नाव बाहेर फोडायला कायद्यानेच मनाई आहे. रॅगिंगसाठी १८००-१८०-५५२२ हा फोन चोवीस तास चालू असतो. आमच्याकडे अशा वेळी चार शहाणी माणसं जमतात आणि "पोरीच्या जातीचं नाव खराब होईल" म्हणून मुलीलाच घरी बसवतात. कोणाची आहे हे विचारण्यात आमचा हातखंडा. तिला काय झालं हे कोणी विचारत नाही.

असो. तर त्या गैरहजर पोराचं पुढे झालं ते असं, की नॅक आली.

ज्यांना नॅक माहीत नाही त्यांच्यासाठी : महाविद्यालयाचं मूल्यमापन करणारी बंगळुरूची परिषद. तिच्या मंडळींनी यायचं ठरवलं की कुंड्यांना गेरू लागतो, नळांना पाणी येतं, आणि प्राध्यापकांना आपल्या नावावर किती समित्या आहेत हे प्रथमच कळतं. विद्यार्थ्यांच्या तक्रारींचं वेळेत निवारण होतं की नाही, यालाही नॅकमध्ये गुण असतात. आता पंचाईत झाली. फायलीत एकही तक्रार नाही. प्राचार्यांना आधी याचा अभिमान वाटला, पण कोणा जाणत्याने सांगितलं की तक्रारच नाही तर निवारण कशाचं दाखवणार? चांगल्या महाविद्यालयात तक्रारी असतात, माफक असतात आणि सुटतात.

मग तक्रारींचा शोध सुरू झाला. वर्गावर्गांत जाऊन "कोणाची काही तक्रार आहे का?" असं प्रेमाने विचारलं गेलं. पोरं एकमेकांकडे बघत गप्प. हा काहीतरी सापळा आहे, एवढं बारावी झालेल्याला कळतं. एका सरांनी स्वतःच्या हाताने नमुना लिहून दिला : "पिण्याच्या पाण्याची टाकी आणखी स्वच्छ असावी." हा 'आणखी' त्यांनी विचार करून घातला होता. कोणीतरी म्हणालं, पोरांच्याच हस्ताक्षरात हवं. आणि भाऊसाहेबांना काचेखालचा कागद आठवला.

पोराला वर्गातून बोलावणं आलं. खुर्ची दिली. चहा मागवला. प्राचार्य म्हणाले, "बाळ, तू फार छान अर्ज लिहिला होतास म्हणे. तसाच एक लिहून दे. तारीख मात्र मागची टाक."

पोरगं चहाकडे बघत बसलं. मग म्हणालं, "सर, मागच्या तारखेचा दिलेलाच हाय की. त्याला पोच नाही मिळाली."

"आता देऊ की. भाऊसाहेब, शिक्का आणा."

"आजची तारीख टाका सर. आजपासून पंधरा दिवस धरायचेत."

हे त्याला मी शिकवलं होतं, पण ते वाक्य तो असं प्राचार्यांसमोर, बिस्कीट हातात धरून उच्चारेल, हे मलाही वाटलं नव्हतं. घासाघीस झाली. नॅकला मागची तारीख हवी, पोराला आजची. भाऊसाहेबांनी बापाला फोन लावायला मोबाइल काढला, तर प्राचार्यांनी डोळ्यांनीच नको म्हटलं. शेवटी आजच्या तारखेचा शिक्का बसला. आवक क्रमांक पडला. माझ्या ओसरीवर येऊन पोराने ती प्रत अशी दाखवली, जशी लोक सातबारा दाखवतात.

आणि मग जे चक्र फिरलं, ते बघून मी थक्क झालो. समितीची बैठक झाली, तीही खरीखुरी. विशेष निमंत्रितालासुद्धा बोलावलं. हॉलतिकीट आणि परीक्षा केंद्राचा हजेरीपट जोडून विद्यापीठाला पत्र गेलं, पाठपुराव्याला एक सर स्वतः गाडीभाड्यासह संभाजीनगरला गेले. उत्तरपत्रिका सापडली. निकाल दुरुस्त होऊन आला, अहवालाची प्रत पोराच्या हातात पडली. नॅकच्या मंडळींनी ती फाईल उघडून मान डोलावली आणि त्याच्याशी हात मिळवून फोटो काढला, तो आता प्राचार्यांच्या केबिनबाहेर लागला आहे.

दुरुस्त निकालात राज्यशास्त्रात पोरगं नापास आहे. काठावर, पण नापास.

काल परत आलं होतं. उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत मागायची म्हणतंय. मी सांगितलं, ती मिळते. परीक्षार्थीला आपली उत्तरपत्रिका बघायचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्येच मान्य केलाय. पण मार्क वाढवून द्या म्हणून लोकपालांकडे जाता यायचं नाही, नेमकी काही गडबड दाखवता आली तरच ते बघतात. ते म्हणालं, "तिथवर कशाला काका, भाऊसाहेब हायेत की. आता ते अर्ज बघायच्या आधीच शिक्का काढायलेत."

अर्ज लिहायला घेतला. विषय त्यानेच सांगितला. खाली 'विनीत'ही त्यानेच लिहिलं, मी काही बोललो नाही.